पुलियावरचा कीबोर्ड

काय काम करतेस असं कोणी विचारलं की मी सांगते, मी कीबोर्ड सांभाळते. समोरच्याला वाटतं टायपिस्ट आहे. सदर बाजारातल्या एका कापडवाल्या बाईनं तर विचारलंही होतं, "कचहरी में बैठती हो क्या, दीदी?" मी "हाँ" म्हणून मोकळी झाले. कोण समजावत बसेल!

पण काम खरंच तेच आहे. मोबाइलवर लिहायला बोट टेकवलं की खालून कीबोर्ड वर येतो ना, तो ॲप बनवणाऱ्याचा नसतो, फोनचा असतो. न विचारता आलेला पाहुणाच तो. येतो आणि अर्धी स्क्रीन बळकावून बसतो. आम्हाला फक्त निरोप मिळतो की पाहुणा आला, एवढी जागा खाणार. मग आम्ही घरातलं सामान सरकवायचं. लिहायची चौकट वर घ्यायची, 'पाठवा'चं बटण तिच्या मागोमाग ओढायचं, आणि पाहुणा गेला की सगळं परत जागच्या जागी. हे नीट केलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. चुकलं की माणूस लिहीत राहतो आणि काय लिहिलं ते त्याला स्वतःलाच दिसत नाही. मग तो शिव्या घालतो, आणि त्या शिव्या माझ्या वाट्याला येतात. फॅक्टरीच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात वाढलेल्या मुलीला हे काम वेगळं शिकवावं लागत नाही. नागपूरहून कोणी आलं की आमची आई आधी दिवाणाखालची ट्रंक सरकवायची, चहाचं मग बघायची.

कंपनी पुण्याची आणि मी जबलपूरला. आधी मी पुण्यातच होते. आई गेली तेव्हा तेरवी करून परत गेले. बाबा म्हणाले होते, "जा, मी काय लहान पोरगा आहे?" आणि ते बोलले ते पलीकडच्या गल्लीतही ऐकू गेलं असणार, कारण बाबांचा आवाज तसा होता. जन्मभर फोर्ज शॉपमध्ये काढलेला माणूस. तिथं लाल लोखंडावर हातोडा पडतो, माणसाचा हातातला नव्हे, मशीनचा, घराएवढा. त्या धडधडीत ज्याला बोलायचं त्याला ओरडूनच बोलावं लागतं. घरी आल्यावरही त्यांचा आवाज उतरत नसे. "मीठ दे" म्हणाले की शेजारीण मीठ घेऊन दारात उभी राहील, असं आई म्हणायची. आणि डावा कान तिथंच गेलेला. उजव्या कानानं भागायचं, पण तरी दर वाक्याला "काय? जोरानं बोल!" हे होतंच. आम्ही घरातले सगळेच मग जोरानं बोलायचो. लग्नाकार्यात लोकांना वाटायचं हे कुटुंब भांडून राहिलं.

मग बाबांच्या घशात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याशी एक भोक राहिलं, त्यावर पांढऱ्या कापडाचा तुकडा बांधायचा, आणि पुढं बरेच महिने औषधं. मी लॅपटॉप उचलला आणि जबलपूरला आले, ती राहिलेच. कंपनीनंही तेव्हा घरून काम करू दिलं.

मी काय गमावलं ते मला घरी आल्यावर कळलं. आमच्या कॉलनीत दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. दूधवाला, शेजारी, दवाखाना, सगळं हिंदी. मराठी फक्त आमच्या घरात होती, आणि आई गेल्यावर ती दोन तोंडांत उरली होती. त्यातलं एक बंद झालं. आता मी एकटीच मराठी बोलणारी, आणि समोर बाबा मान हलवणार. पुण्याच्या मीटिंगमध्ये मराठी कानावर पडायची, नाही असं नाही. पण तिथं मी "का"ला "काहून" म्हटलं की हशा. "पुन्हा म्हण ना, किती गोड वाटतं!" गोड कसलं वाटतं, डोंबल! आणि माझा आवाज बाबांचाच. "अगं हळू, कान फाटले आमचे," असं सगळे इतक्यांदा म्हणाले की मी माईकशी कुजबुजायला शिकले. दिवसभर कानात हेडफोन घालून कुजबुजायचं आणि संध्याकाळी मुक्या घरात यायचं, म्हणजे आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत.

डॉक्टरांनी बाबांना गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. बाबांनी ते एकदाच लावलं. स्वतःचा तो घरघरता आवाज ऐकला आणि यंत्र कपाटावर ठेवून दिलं. पुन्हा हात लावला नाही. घरात ते खुणांनी भागवत. फोर्ज शॉपच्या खुणा, तिथं आवाजात शब्द पोचत नाहीत म्हणून हातांनी बोलायचं. अंगठा ओठाशी नेला की चहा. मनगटावर दोन बोटं आपटली की पाळी संपली, चला. आणि हात वर करून मूठ आवळली की थांब. ही सगळ्यात मोठी खूण. क्रेननं तापलेलं लोखंड उचललेलं असतं, खाली माणसं असतात. मूठ वर दिसली की क्रेनवाल्यानं जिथं आहे तिथं थांबायचं, आणि मूठ खाली येईतो हलायचं नाही. लहानपणी मी रस्त्याकडे पळत सुटले की बाबा दारातून ओरडत नसत, मूठ वर करत. मी जागच्या जागी. एवढा मोठा आवाज असलेला माणूस, पण मला त्या मुठीचाच धाक.

असं चाललं होतं. मग पुण्याहून निरोप आला की आता सगळ्यांनी ऑफिसात यायचं. दिवाळीनंतर घरून काम बंद. यायचं तर या, नाहीतर दुसरं बघा. दुसरं बघायचं म्हणजे जबलपूरला काय बघणार? दोन दिवस गेले. मग दुपारी जेवताना, ते टेबलाच्या त्या बाजूला, मी या बाजूला, मी विचारलं, "बाबा, पुण्याला परत बोलावून राहिले. जाऊ का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मान हलवली. हो. आणि लोणच्याची बरणी पुढं ओढली.

एवढंच! ना डोळ्यांत काही, ना हात थांबला. लोणच्याची फोड चांगली निवडून घेतली. मला इतकं लागलं ते सांगता येत नाही. मी म्हटलं, अच्छा, असं आहे तर. आपण इथं जीव टाकतो आणि यांना आपण गेलो काय, राहिलो काय, सारखंच. भांडी घासताना रडले, मग स्वतःवरच चिडले. चलो, जायचं तर जायचं.

पण जायचं तर या माणसाला एकट्यानं बोलता आलं पाहिजे. गॅसवाला आला, छातीत दुखलं, दुधात पाणी निघालं, कोणाला तरी सांगता आलं पाहिजे. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे पुलिया. कॉलनीच्या टोकाला नाल्यावरचा छोटा पूल आहे, त्याचा कठडा बसण्याजोगा. त्याला सगळे पुलियाच म्हणतात. फोर्ज शॉपचे रिटायर झालेले चार-पाच जण रोज संध्याकाळी तिथं बसतात. त्यातले एक तर सिहोऱ्याला राहायला गेलेत, तरी बसनं येतात, तेवढ्यासाठी. ऑपरेशननंतर बाबा तिथं काही दिवस गेले आणि मग जाणं सोडलं. काहून सोडलं ते मला ठाऊक होतं. फोनवर एकेक अक्षर शोधून लिहीपर्यंत गप्पा पुढं गेलेल्या असत. आणि लिहून फोन समोरच्याकडे फिरवला की त्याला काय दिसायचं? कीबोर्ड! बाबांचं लिहिलेलं वर कुठंतरी अर्धं सरकलेलं, तेही त्याच्या बाजूनं उलटं. भाजीवाला मान तिरकी करून म्हणायचा, "दादा, इसमें तो क ख ग लिखा है." बाबा रिकामी पिशवी घेऊन परत यायचे आणि फोन दिवाणावर फेकायचे.

म्हणजे बघा. हजारो लोकांच्या फोनमधला कीबोर्ड मी सांभाळते, आणि माझ्या बापाचं तोंड त्याच कीबोर्डखाली गाडलेलं. मी ठरवलं, जायच्या आधी एवढं करून जायचं. पुलियावर बाबा परत बोलले तर मी सुखानं गाडीत बसेन. नाही बोलले तर या घरात ते मुके होऊन बसतील, आणि मी पुण्यात बसून कोणाच्या तरी 'पाठवा'चं बटण सरकवत राहीन.

ऑफिसचं काम उरकून मी बाबांसाठी ॲप लिहायला घेतलं. त्यात काहीच नव्हतं. एक मोकळी चौकट आणि मोठी अक्षरं. बाबांचं बोट जाड, त्याची कातडी लोखंडानं पोळून पोळून टणक झालेली, कधी कधी स्क्रीनला ते बोट आहे हेच कळायचं नाही. म्हणून जागा ऐसपैस ठेवल्या. आणि खरी गंमत अशी की फोन समोरच्याकडे उभा फिरवला की कीबोर्ड आपोआप खाली जाईल, लिहिलेलं मोठं होईल आणि उलटं होईल, म्हणजे समोरच्याला सुलटं दिसेल. फोन परत आपल्याकडे घेतला की कीबोर्ड हजर. बटण नाही, काही नाही. मी बाबांना हातात हात धरून दाखवलं. तोंडानंही सगळं समजावत होते. ते फोन बघत होते आणि मान हलवत होते.

टेबलावर समोरासमोर बसून करून पाहिलं. बाबांनी लिहिलं, "भाजी खारट." फोन माझ्याकडे फिरवला. कीबोर्ड गडप, आणि पाटीवर लिहावं तसं मोठ्ठं "भाजी खारट" माझ्या पुढ्यात. इतक्या महिन्यांनी त्यांनी माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलं होतं. मला हसूच फुटलं. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याकडेही चाललं. बाबा दुधी घेऊन आले आणि ताठ मानेनं आले. संध्याकाळी स्वच्छ शर्ट घालून पुलियावर गेले.

आणि लगेच परत आले. चहा उकळेपर्यंत परत. फोन खिशात, तोंड पडलेलं.

"काय झालं बाबा?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. हो. अहो, काय झालं विचारलं तर हो काय हो? माझी अशी सटकली! पुन्हा विचारलं, पुन्हा मान. मी म्हटलं मरो, आणि फोन घेऊन तपासायला बसले. समोर धरला, फिरवला, परत फिरवला. सगळं बरोबर. "माझ्याकडे तर चालून राहिलं," हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं रडगाणं. बग, म्हणजे ॲपमधली चूक, समोर उभा असतो आणि बनवणारा म्हणत असतो, माझ्याकडे चालतं. मी पण तेच म्हणत बसले.

दोन-चार दिवस बाबा घराबाहेर पडेनात. मग मीच चपला त्यांच्या पायाशी नेऊन ठेवल्या आणि दाराकडे बोट दाखवलं. निघाले रागारागानं. मी थोड्या अंतरानं मागं निघाले. पुलियासमोर एक गुमटी आहे, पान-बिस्किटांची, लाकडी. तिथं उभी राहून मी नको असलेली बिस्किटं निवडायला लागले आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला लागले.

बघितलं आणि कपाळावर हात मारला.

पुलियावर कोणी कोणाच्या समोर बसलेलंच नव्हतं. सगळे ओळीनं कठड्यावर, खांद्याला खांदा लावून, तोंडं सगळ्यांची रस्त्याकडे. ज्याला बोलायचं तो शेजाऱ्याकडे बघतही नव्हता. नजर समोर, अंग कलतं, तोंड शेजाऱ्याच्या कानाशी, आणि मग दणदणीत आवाजात बोलणं. शेजारी ते ऐकून पुढच्याच्या कानात ओतणार. मला बाबांचंच बोलणं आठवलं. आवाज होता तेव्हा सांगायचे, हातोड्यापुढं उभं असताना लाल लोखंडावरनं नजर हलवायची नाही. शेजारच्याला सांगायचं तर कलायचं आणि कानात सांगायचं. ज्यानं तोंड वळवलं त्यानं हात गमावला. फॅक्टरी सुटून इतकी वर्षं झाली, समोर आता फक्त सायकली आणि म्हशी, पण यांची मान काही वळत नाही.

आणि बाबा? बाबांनी लिहिलं, आणि त्याच सवयीनं फोन समोर न फिरवता शेजारी कलवला. आडवा. फोन आडवा झाला की स्क्रीनही आडवी होते, आणि आडव्या स्क्रीनवर कीबोर्ड म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत कीबोर्डच. लिहिलेल्याला सुईएवढी जागा उरत नाही. सिहोऱ्याचे काका डोळे बारीक करून बघत राहिले आणि मग ओरडले, "क्या दादा, हारमोनियम दिखा रहे हो!" सगळे हसले. वाईट मनानं नाही हसले, जुने मित्र ते. पण त्या ओळीत एक माणूस हसत नव्हता, आणि त्याचं हसणं आताशा कोणाला ऐकूही येत नव्हतं. मी बिस्किटं तिथंच ठेवून घरी आले.

पुढचे काही दिवस मी फक्त तेवढंच केलं. पुण्याच्या मीटिंगमध्ये माझ्या वरच्यानं विचारलं, "तुझं लक्ष कुठं आहे?" मी सांगितलं, कीबोर्डमध्ये. खोटं नव्हतं. आता फोन आडवा केला तरी स्क्रीन वळणार नाही, असं केलं. फोन शेजारी कलला की कीबोर्डनं निमूट खाली जायचं, आणि ज्या बाजूला कलला त्या बाजूच्या माणसाला वाचता येईल अशी अक्षरं मोठी व्हायची. उजवीकडचा वेगळा, डावीकडचा वेगळा. आणि चालताना, खोकताना फोन थोडा हलला तर उगाच नाचायचं नाही. हे सगळ्यात अवघड. माणूस कलतो तेव्हा बोलायला कलला की नुसताच कलला, हे फोनला कसं कळावं? माणसालाच कळत नाही. मी दिवाणावर एकटी बसून शेजारच्या उशीकडे फोन कलवत राहायचे. उशीशी इतकं बोलले मी त्या दिवसांत! बाबा समोरच्या खुर्चीतून बघायचे.

झालं एकदाचं. बाबा गेले पुलियावर, आणि परत आले ते रस्त्यावरचे दिवे लागल्यावर. तोंडावर तेज. दुसऱ्या दिवशीही तसंच. आठवड्याभरात सिहोऱ्याचे काका मला गुमटीपाशी भेटले आणि म्हणाले, "बिटिया, दादा तो अब पहले से ज़्यादा बोलते हैं. किसी को बोलने ही नहीं देते!" क्रिकेटवरून भांडण काय, पेन्शनवरून काय. बाबांचं लिहिणंही भराभर व्हायला लागलं. मला वाटलं, जिंकलो. त्या संध्याकाळी मी स्वतःलाच दोन जिलब्या आणल्या.

मग हळूहळू कळायला लागलं की जिंकले ते पुलियावाले. बाबा घरी यायचे तेव्हा फोनची बॅटरी संपलेली असायची. फोन चार्जिंगला, बाबा खुर्चीत. समोर मी. मी बोलायचे, आज काय झालं, कोणाचा फोन आला, भाजी काय करू. त्यांची मान हलायची. हो, हो. बाहेर धबधबा आणि घरात कोरडा नळ! मी एकदा विचारलं, "माझ्याशी काहीच बोलावंसं वाटत नाही का हो तुम्हाला?" मान हलली. हो. सरळ हो! मी ताट उचलून आत गेले. त्या रात्री मला आईची इतकी आठवण आली, तिच्याशी भांडले असते तरी चाललं असतं, पण कोणीतरी उलटून बोललं असतं. या घरात माझी मराठी ऐकायला आता भिंती आहेत, असं वाटायचं. माझंच घर, माझाच बाप, आणि मी पाहुण्यासारखी जागा सरकवत बसलेली. पुण्याचं तिकीट काढलं तेव्हा हात जरासुद्धा अडखळला नाही.

दिवाळी झाली. निघायला थोडे दिवस उरले होते. मी माळ्यावरची मोठी बॅग काढली, बाहेरच्या खोलीत दिवाणावर उघडून ठेवली आणि कपडे भरायला लागले. साड्या, स्वेटर, चार्जर. बाबांच्या खुर्चीवर इस्त्रीच्या कपड्यांची चळत ठेवलेली. तेवढ्यात बाबा पुलियावरून लवकर आले. सिहोऱ्याचे काका त्या दिवशी आले नव्हते म्हणून बैठक मोडली असावी. खुर्चीकडे पाहिलं, बसायला जागा नाही. उभे राहिले थोडा वेळ. मग दिवाणावर बॅगेच्या अलीकडे, माझ्या शेजारी येऊन बसले. मी जबलपूरला आल्यापासून ते माझ्या शेजारी बसले नव्हते. त्यांची जागा खुर्ची, माझी समोर.

बसले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले, पुलियावर रस्त्याकडे बघतात तसे. खिशातून फोन काढला. कीबोर्ड वर आला. टणक बोटानं लिहीत राहिले. मी साडीची घडी घालत होते. मला वाटलं पुलियावरचं काही असेल, नाहीतर चहा हवा असेल. मग ते माझ्याकडे कलले. फोन कलला, कीबोर्ड खाली गेला, अगदी मी शिकवला होता तसा, आणि अक्षरं मोठी झाली.

"बॅग कोणाची? कुठं चालली?"

मी वाचलं. पुन्हा वाचलं. "अहो, पुण्याला," मी म्हटलं. "सांगितलं होतं ना तुम्हाला? जेवताना विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

बाबा माझ्या ओठांकडे बघत होते. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. मग त्यांनी परत लिहिलं आणि परत कलले.

"ऐकू नाही येत. नागपूरच्या औषधांनी उजवा पण जवळजवळ गेला. तू हळू बोलते."

माझ्या हातातली साडी खाली घसरली. मी हातवारे करून विचारलं असेल, किंवा नुसतं तोंड उघडं ठेवलं असेल, की मग सांगितलं काहून नाही? त्यांनी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. "आधी 'काय? जोरानं बोल!' म्हणायचो. आता किती वेळा हात हलवून मागू? पुलियावर सगळेच बहिरे. सगळेच ओरडतात."

म्हणजे ती मान! ती लोणच्याची फोड! "काय झालं"ला हो, "बोलावंसं वाटत नाही का"ला हो. इतके महिने मी एका मानेशी बोलत होते, आणि ती मान मला नाराज करायचं नाही म्हणून हलत होती. मी समोर बसून कुजबुजत होते, माईकशी बोलावं तशी. त्यांना फक्त माझे हलणारे ओठ दिसत होते. हे माझं घर नाही असं मला वाटत होतं, तेव्हा ते काचेपलीकडून माझ्याकडे बघत बसलेले होते. मला रडूच आलं, भडभडून, लाज न धरता. बाबा घाबरले. कोपरानं मला ढोसायला लागले, काय झालं, काय झालं.

मी डोळे पुसले. त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. त्या कानावर केस आलेत आता, आणि आवळ्याच्या तेलाचा वास येतो. आणि मी ओरडले. इतक्या वर्षांनी, पोटातून, बाबांच्याच आवाजात ओरडले, "पुण्याला बोलावलंय! कायमचं! जाऊ का?"

भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "क्या हुआ दीदी? सब ठीक तो है?"

बाबांनी ऐकलं. खरंच ऐकलं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी फोन घेतला, कीबोर्ड वर आला. लिहिलं. मी शेजारीच होते, मला प्रत्येक अक्षर उमटताना दिसत होतं. "जा" लिहिलं. पुसलं. "तुझी नोकरी" लिहिलं. पुसलं. "मी काय लहान" एवढं लिहिलं आणि तेही पुसलं. चौकट कोरी झाली. कीबोर्ड तसाच उघडा, वाट बघत.

मग त्यांनी फोन बॅगेतल्या कपड्यांवर पालथा ठेवला. समोर भिंतीकडे बघत उजवा हात वर केला आणि मूठ आवळली. मी थांबले. त्यांनी तो खाली घेतला नाही.